वाकड्या तोंडाचा मान

हे कोणालाही पटणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. मागच्या वर्षीच्या द्राक्षसुगीच्या जत्रेत, भर दुपारी, मोंमार्त्रच्या अख्ख्या टेकडीच्या डोळ्यांदेखत ग्रिमो रडला. हाच ग्रिमो. हा काय, माझ्यासमोर बसून भाजलेले चेस्टनट सोलतोय. द्राक्षबागेखालच्या कबरस्तानात याने उभी हयात खड्डे खणले. मंत्र्याला आणि दारुड्याला एकाच चेहऱ्याने खाली सोडलं. स्वतःच्या बायकोला पुरलं त्या दिवशीही याच्या तोंडावरची एक सुरकुती जागची हलली नव्हती. तो माणूस रडला, आणि तेही आमच्या घरच्या वाइनपायी.

खोटं वाटत असेल तर साक्षीदार समोर आहे. विचारा. तो बोलणार नाही, बोलणं हा त्याचा धंदा कधीच नव्हता. पण ‘नाही’ म्हणतो का, तेवढं बघा.

ग्रिमोने चेस्टनट तोंडात टाकला. नाही म्हणाला नाही.

“काका, सुरुवातच रडण्यापासून केलीत, मग शेवटी काय सांगणार?” आपोलिन म्हणाली. ही माझी पुतणी. धाकट्या तेओची मुलगी. अंगणात वेलीखाली यंदाचं पिंप आणून ठेवलं होतं आणि ती त्याच्या बुडाखाली पाचर ठोकत होती.

“शेवटाचं मी बघतो. तू पिंपाचं बघ.”

तर आमची वाइन. चांगली वाइन कोणीही करतं. बोर्डोकडे म्हणे उन्हात पाय पसरून बसलं तरी होते. पण वाईट वाइन, मनापासून वाईट, बाप-आज्यापासून तीच चव राखून करायची, तर त्याला घराणं लागतं. आम्ही तुर्लो ते घराणं. आमच्या आजोबांच्या काळात एका पाहुण्याची सोन्याची दाढ आमच्या वाइनीत विरघळली; बिचारा महिनाभर सोनेरी थुंकत होता आणि सावकार त्याच्यामागून वाटी घेऊन फिरत होते. वरचं ते पांढरं चर्च, ज्याच्यापुढे उभं राहून सगळं जग फोटो काढतं, ते इतकं पांढरं कशाने? एका हिवाळ्यात आमचं एक पिंप त्याच्या घुमटावर सांडलं. पिंप घुमटावर कसं गेलं, ते वेगळं प्रकरण आहे.

टेकडीवर नगरपालिकेची मोठी बाग आहे, तिची वाइन लिलावात जाते, तिचं सगळं थाटाचं. पण आमच्या जिन्याच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या भिंतीवर, गच्चीवर, संडासाच्या कौलावर एखादी वेल असतेच. त्या घरगुती वाइनींची स्पर्धा जत्रेच्या शनिवारी खालच्या चौकात होते, आणि तीत जिंकते ती सगळ्यांत वाईट. नियम एकच: पंचाने घोट घ्यायचा, गर्दीने त्याचं तोंड बघायचं. ज्याच्या वाइनने तोंड जास्त वाकडं, मान त्याचा. पंच म्हणून टेकडीवरचा सगळ्यांत मख्ख माणूस निवडतात, नाहीतर काय, हसऱ्या माणसाचं तोंड कशानेही वाकडं होतं. ग्रिमो पंच झाल्यापासून आमच्या वाइनने त्याची डावी भुवई हलत आली होती. बाकी कोणाच्या वाइनने तेवढंही नाही.

बक्षीस म्हणजे पलंगाखाली ठेवायचं पांढरं भांडं. हो, तेच. जुन्या लग्नांत नवरा-नवरीला थट्टेने देत, तसलं. आत तळाला एक डोळा रंगवलेला, निळा, पापण्यांसकट. आपण वाकलो की तो वर बघतो. माझ्या थोरल्या बहिणीने, फिलोमेनताईने, ते दिवाणखान्यात आरशाखाली ठेवलं होतं आणि दर रविवारी त्यात ताजी फुलं. पाहुणे फुलं हुंगत, ताई गालात हसे.

आणि त्या भांड्यावरच आपोलिनचं सगळं अवलंबून होतं.

ते असं. तेओ घर सोडून बर्गंडीला गेला तो पुन्हा आला नाही; का, ते पुढे येईल. तो गेल्याच्या, म्हणजे कायमचा गेल्याच्या पुढच्या वसंतात ही पोरगी त्याची छाटणीची कात्री घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “आत्या, मला अंगणातली वेल सांभाळायची आहे.” ताईचा मुलगा ओनोरे खाली कॅफे चालवतो. त्याला ती वेल उपटून अंगणात टेबलं मांडायची होती. ईस्टरच्या जेवणाला मटणाची मांडी कापता कापता ताईने निवाडा दिला: “एक हंगाम पोरीचा. तिच्या वाइनने भांडं घरात राहिलं तर वेल तिची. भांडं गेलं तर ओनोरे, तू कुऱ्हाड काढ.”

हंगाम एका शरदातला, स्पर्धा पुढच्या शरदातली. मधलं वर्षभर पिंप तळघरात. त्यावर ताई स्वतः मेणाचं सील लावते आणि जत्रेच्या सकाळपर्यंत कोणी बोटही लावायचं नाही. त्यामुळे काय होऊन बसलंय ते जत्रेची सकाळ उजाडेपर्यंत कोणाला कळलंच नाही.

*

सकाळी आम्ही पाच जण अंगणात. खालून ढोलांची तालीम ऐकू येत होती, शेजारी कोणीतरी जाळीवर सॉसेज टाकले होते. ताईने मेण फोडलं, तोटी फिरवली, पेला धरला. चौऱ्याऐंशीची बाई, पण हात स्थिर. दरवर्षी ती पहिला घोट घेते, मग तिचा डावा डोळा मिटतो, खांदा वर जातो आणि ती म्हणते, “आहे. बाबांसारखी आहे.”

ताईने घोट घेतला.

डोळा मिटला नाही. खांदा वर गेला नाही. ती नुसती उभी राहिली.

“आई?” ओनोरे म्हणाला. “काय झालं? खूप आंबट आहे का?”

ताईने पेला माझ्याकडे दिला. मी प्यायलो. मग ओनोरे प्यायला, मग त्याची बायको ओदील. आणि ओनोरेच्या तोंडावर असं हसू पसरलं, जसं लॉटरी लागलेल्या माणसाच्या तोंडावर शेजाऱ्यासमोर पसरतं.

“अगं, ही तर चांगली आहे!” तो म्हणाला. “आपोलिन, अभिनंदन हं. फारच सुरेख. ओदील, माझी कुऱ्हाड कुठाय?”

आपोलिन पांढरीफटक. “मी काही केलं नाही हो. नेहमीसारखी छाटणी केली, घड पिकेपर्यंत थांबले...”

“थांबलीस?” ताई ओरडली. “पिकेपर्यंत? आपल्या घरात पिकेपर्यंत कोण थांबतं? आम्ही पाहुणे यायच्या आधी तोडतो, मुंग्या लागायच्या आधी तोडतो, बार्न्याला आठवण झाली की तोडतो!” बार्न्या म्हणजे मी, बार्नाबे.

“आत्या, मी ठरवलं होतं लवकर तोडायचं. खरंच. टोपली घेऊन तीनदा उभी राहिले वेलीखाली. कच्चे घड हातात येईनात. हात ऐकेनातच माझे.”

तेओचे हातही तसेच होते, हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आता ओदील. ओदील म्हणजे छपरावरचा वारा दाखवणारा कोंबडा. वारा जिकडचा, तोंड तिकडे. सकाळपर्यंत ती नवऱ्याच्या बाजूची, टेबलांच्या छत्र्यांचा रंगसुद्धा ठरवून बसलेली. पण पोरीचा चेहरा बघून तिचा जीव कळवळला. ती आत गेली आणि व्हिनेगरची बरणी घेऊन आली.

“आई, एक वाटी घाला. दोन घाला. कोणाला कळतंय?”

“ओदील!” ओनोरे म्हणाला. “तू कोणाकडून आहेस?”

“मी माणसांकडून आहे. तू टेबलांकडून हो.”

“नको,” आपोलिन म्हणाली. “व्हिनेगर नको, वहिनी.”

“अगं वेडे, वेल जाईल.”

“जाऊ दे. बाबांच्या कात्रीने छाटलेल्या वेलीच्या वाइनीत मी व्हिनेगर घालू? मग ती वेल राखून तरी काय करू?”

ओदीलने बरणी ताईच्या हातात दिली. म्हणजे निर्णय ताईकडे गेला; आमच्या घरात सगळं शेवटी तिथेच जातं.

इथे ओनोरेवर अन्याय होऊ नये म्हणून त्याच्या मनातलंही सांगतो. माझा भाचा वाईट माणूस नाही. ज्या शाळेत तो गेला तिथे त्याला कोणी ओनोरे म्हणून हाक मारलीच नाही. ‘भांडंवाला’ म्हणत. डबा उघडला की पोरं विचारत, “आत डोळा आहे का रे?” तो मोठा झाला, कॅफे काढलं, केस पिकले, तरी पलीकडच्या हॉटेलवाल्याची रस्त्यावर टेबलं आणि याच्या खोलीत गिऱ्हाइकं कोपराला कोपर लावून. त्या सकाळी व्हिनेगरची बरणी आईच्या हातात बघून त्याला वाटलं, आता हीही खोटं करणार. त्या भांड्यासाठी. लहानपणी एक चॉकलेट चोरलं म्हणून आपल्याला दिवसभर कोपऱ्यात उभं करणारी आपली आई.

आणि ताईच्या मनात काय होतं? तुला कसं ठाऊक, म्हणाल. ऐंशी वर्षं मी तिच्या पलीकडच्या खोलीत काढली आहेत. भिंतीतून मला तिची झोपसुद्धा ऐकू येते. ताईच्या जिभेवर होता तेओ.

तेओने तरुणपणी एकदा वेल अशीच मन लावून छाटली होती. त्या वर्षीची वाइन चांगली झाली आणि भांडं बार्दूंच्या घरी गेलं. ताईने त्याची कात्री जिन्यावरून खाली फेकली. म्हणाली, तुझं पिंप मी गटारात ओतलं. तो खाली उतरला, कात्री उचलली आणि तसाच पुढे चालत गेला. सगळ्या गल्लीला वाटतं ते पिंप गटारात गेलं. पण गटाराला वास आला नाही, हे फक्त माझ्या लक्षात आलं. त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी ताई खिडकीची झडप लावून घेई आणि भिंतीपलीकडून मला एका छोट्या पेल्याचा आवाज येई. पूर्ण हिवाळा. मग एक दिवस तो आवाज थांबला, आणि दुसऱ्या दिवशी ताईने ते रिकामं पिंप स्वतः घासून तळघरात जपून ठेवलं. पोरीने वाइन भरली ती त्याच पिंपात.

ताईने व्हिनेगरची बरणी ओट्यावर ठेवली. झाकण लावलं.

“जशी आहे तशी न्या,” ती म्हणाली.

“आई, भांडं जाईल,” ओनोरे म्हणाला. गंमत बघा, आता त्यालाच धक्का बसला होता.

“जाईल तर जाईल. फुलं मी दुसऱ्या कशात लावीन. बार्न्या, तू सुरई उचल. आणि तू कोणाच्या बाजूचा आहेस रे? सकाळपासून मूग गिळून बसलायस.”

“मी कोणाच्याच बाजूचा नाही,” मी म्हणालो. “मी फक्त सुरई धरतो.”

*

जिना उतरायला मला वेळ लागतो. एका हातात सुरई, दुसऱ्या हातात काठी, काठीला खाली लोखंडी टोक. दगडी पायऱ्यांवर रबर टिकत नाही. माझ्यापुढे आपोलिन चालत होती, वडिलांच्या लग्नातला म्हणावा असा कोट घालून. वाटेत शिंपल्यातल्या कालवांचे गाडे, वितळलेल्या चीजचा वास, झगे घातलेली वाइनवाल्यांची मंडळं: कोणी जांभळ्या झग्यात, कोणी हिरव्या, एकाच्या डोक्यावर चक्क गोगलगाईची टोपी. त्या गर्दीत एक गाढव उलटं तोंड करून बसलं होतं आणि सनई वाजवत होतं.

“काका,” आपोलिन पाचर ठोकायची थांबली, “मागच्या वेळी सांगितलंत तेव्हा गाढव नव्हतं.”

“तेव्हा ते गर्दीत दिसलं नसेल.”

चौकात लाकडी चौथरा. त्यावर काळी हॅट, लाल मफलर घातलेले आमच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष, मध्ये खुर्चीत ग्रिमो. ग्रिमोच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला तेव्हा वाताने टोमॅटोएवढी सूज होती, म्हणून त्याने लोकरी चपलेचं पुढचं टोक कापून अंगठ्याला खिडकी ठेवली होती. पण चेहरा तोच. कबूतर येऊन डोक्यावर बसलं तर पुतळा समजून बसावं, असा.

पहिली आली बार्दूबाई. विधवा, गोल, तिखट. आमची दोन पिढ्यांची वैरीण. तिने गच्चीवरच्या वेलीची वाइन पुढे केली आणि ताईकडे वळून म्हणाली, “फिलोमेनबाई, आरशाखालची जागा पुसून ठेवलीत ना? मी भांड्याखाली घालायला विणलेला रुमालही आणलाय.”

“विणा, विणा,” ताई म्हणाली. “तुमच्या वाइनने मांजर मेल्याचंही ऐकिवात नाही.”

ग्रिमोने घोट घेतला. गर्दी पुढे सरकली. ग्रिमोच्या नाकपुडीत काहीतरी झालं. झालं की नाही यावर वाद झाला. अध्यक्षांनी जाहीर केलं: “एक नाकपुडी!” बार्दूबाईचे लोक नाचले. मग आणखी तिघांच्या वाइनी आल्या, एकाने तर जुनं लोणचं बुडवून आणलं होतं. ग्रिमोवर परिणाम शून्य.

“तुर्लो!” अध्यक्ष ओरडले.

आपोलिन चौथऱ्यावर चढली. मी सुरई घेऊन ग्रिमोच्या उजव्या हाताला, अगदी खेटून उभा राहिलो. म्हाताऱ्याला तोल सांभाळावा लागतो. खाली ताई हाताची घडी घालून. तिच्या एका बाजूला ओदील, दुसऱ्या बाजूला ओनोरे, आणि ओनोरेच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद काही केल्या बसेना. पोरगी वर एकटी उभी होती. तिला पक्कं ठाऊक होतं की ती हरणार. तरी तिने पेला असा भरला जसा कोणी देवापुढे दिवा लावतं, काठोकाठ, एक थेंब न सांडता.

ती हळूच म्हणाली, “मस्यू ग्रिमो, माफ करा. ही काही वाईट नाहीये.”

ग्रिमोने पेला उचलला. ओठांशी नेला.

आणि मग!

आधी डावी भुवई गेली, टोपीच्या आत गेली. मग उजवी. मग अख्खा चेहरा असा गोळा झाला जसं कोणी ओला टॉवेल पिळतंय. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, कानापर्यंत गेलं. डोळ्यांतून पाणी; थेंब नव्हे, धारा. पेला हातातून उडाला आणि सगळी वाइन अध्यक्षांच्या मफलरवर. आणि ज्या माणसाने कधी हूं की चूं केलं नाही, त्याच्या तोंडून असा एक हुंदका फुटला की चर्चच्या घुमटावरची कबुतरं उडाली ती थेट नदीपलीकडे जाऊन बसली.

मग असा जल्लोष झाला की काय सांगू. ढोलवाल्यांनी ताल सोडून जे हाताला येईल ते बडवलं. गोगलगाईच्या टोपीवाल्याने टोपी फेकली. “ग्रिमो! ग्रिमो! ग्रिमो!”

“थांबा!” बार्दूबाई चौथऱ्यावर चढली. तिने सुरईत बोट बुडवलं, चाटलं, आणि किंचाळली, “लबाडी! ही वाइन चांगली आहे! चांगल्या वाइनला हा मान कसा देता?”

गर्दीत कुजबुज. अध्यक्ष मफलर पिळत विचारात पडले. तेव्हा खालून आवाज आला. ओनोरेचा.

“नियमात काय म्हटलंय, अध्यक्ष? तोंड म्हटलंय की जीभ?”

सगळे वळले. माझा भाचा लालबुंद झाला होता. “लहानपणापासून ऐकत आलोय मी हा नियम. भांडंवाला म्हणत होतात ना मला? मग भांड्याचा नियम माझ्याइतका कोणाला पाठ असणार? पंचाचं तोंड ज्याच्या वाइनने जास्त वाकडं, मान त्याचा. का वाकडं झालं, रडून की मळमळून, ते कुठेही म्हटलेलं नाही!”

“ओनोरे,” ओदील म्हणाली, “अरे, तुझी टेबलं?”

“टेबलं गेली चुलीत. बाहेर जिन्यावर मांडीन, तिरकी. या चोरट्या लोकांना माझ्या घरचं भांडं नेऊ देईन का मी?”

अध्यक्षांनी हात वर केला. “तोंड!” ते ओरडले. “मान तुर्लो घराण्याचा!”

मग रिवाजाप्रमाणे जिंकलेली वाइन त्या भांड्यात ओतली गेली आणि भांडं हातोहात फिरलं. दरवर्षी लोक नाक दाबून ओठ लावतात. या वर्षी कोणी भांडं सोडेना. “पुढे द्या हो, तुमच्या बापाचं आहे का?” सुरई संपली, दुसरी आली, पिंप आलं, पिंप आडवं झालं. बार्दूबाईने रागारागाने एक घोट घेतला, मग कमी रागाने दुसरा, आणि तिसऱ्याला तिने तो विणलेला रुमाल आपोलिनच्या हातात कोंबला. “घे. भांड्याखाली घाल. ओल्या फुलांनी लाकूड खराब होतं.” शेवटचा घोट ताईचा. तिने वाकून तळातल्या निळ्या डोळ्याकडे पाहिलं, डोळ्याने तिच्याकडे. दोघं किती वेळ तशी बघत होती ते मला नाही माहीत. मग ताईने तोंड पुसलं आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाली:

“तेओची आहे. अगदी तेओसारखी आहे.”

आपोलिन तिथे मोठ्याने रडली, पण त्यात नवल नाही, ती माणसासारखी माणूस आहे. ओनोरेने तिला खांद्यावर उचललं, ओदीलने भांडं डोक्यावर घेतलं, पुढे ढोल, मागे झगेवाले, आणि आम्ही जिना चढून घरी आलो. असा विजय आमच्या घराण्यात आधी झाला नव्हता, पुढे होणार नाही. ग्रिमोला मात्र भावना इतक्या अनावर झाल्या होत्या की त्याला खुर्चीसकट उचलून घरी पोचवावं लागलं. जिंकलेल्या पिंपातले पुढचे पेले पंचाच्या हक्काचे, ते बिचाऱ्याचे तसेच राहून गेले.

*

“तर मंडळी,” मी म्हणालो, “म्हणून सांगतो. चांगल्या वाइनने दगडालाही पाझर फुटतो. मी कोणाच्या बाजूचा नव्हतो. मी फक्त सुरई धरली.”

अंगणात टाळ्या पडल्या. ताई, आता पंच्याऐंशीची, खुर्चीत डोळे मिटून हसत होती. ओनोरे जिन्यावरच्या त्याच्या तिरक्या टेबलांवरून दोन रिकामे पेले घेऊन वर आला होता तो दारातच थांबून ऐकत राहिला होता. आपोलिनने यंदाच्या पिंपाचं मेण फोडलं, तोटी फिरवली, आणि पहिला पेला, काठोकाठ, ताईला नाही, मला नाही, ग्रिमोपुढे ठेवला.

ग्रिमोने चेस्टनटची टरफलं बाजूला सारली. पेला उचलला. घोट घेतला, सावकाश, गिळला. आणि त्याच्या तोंडाचा डावा कोपरा, मी शपथेवर सांगतो, वर गेला. तिथेच राहिला.

“सुरेख आहे, पोरी,” ग्रिमो म्हणाला. मग त्याने दुसरा घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे वळला. “पण मागच्या वर्षी मी तुझी चाखलीच नाही. पेला ओठाला लागायच्या आत या बार्नाबेची काठी माझ्या अंगठ्यात रुतली होती.”